घराला शोभेल अशी ओसरी : बुलढाणा जिल्ह्यातील दारे, ओटे आणि आजची हौस

१/
जुन्या घराची दुरुस्ती निघाली की हल्ली पहिला विचार दर्शनी भागाचा होतो. मातीच्या भिंतींचे, चार-पाच खणांचे धाब्याचे घर तसेच राहते आणि त्याच्यापुढे नवी ओसरी काढायचे ठरते. मग त्या ओसरीला सिमेंटची महिरपी कमान येते, दोन्ही अंगांना लुटुपुटीचे बुरूज येतात, वर कंगोरे येतात. या सजावटीला ‘ऐतिहासिक रूप’ म्हटले जाते. बुलढाणा जिल्ह्यातील वास्तूंच्या आधारे या हौसेची चिकित्सा करणारा हा धागा.

२/
धाग्याचे म्हणणे आरंभीच सांगितलेले बरे. नव्या ओसरीचे माप, उंची आणि सामान ज्या घराला ती जोडायची त्या घराकडूनच घ्यावे. वाड्याची कमान इतिहासाचा भाग आहे, पण ती वाड्याच्या इतिहासाचा भाग आहे. साध्या घरालाही स्वतःचा इतिहास असतो आणि तो बहुधा त्या घराखेरीज अन्यत्र कुठेच नोंदलेला नसतो.

३/
प्रथम शब्द. दारापुढचा उंच, उघडा चौथरा म्हणजे ओटा. छप्पर असलेली, निदान एका बाजूने मोकळी बैठकीची जागा म्हणजे ओसरी. मुख्य छपराखालून उतरते छप्पर काढून केलेली जोड म्हणजे पडवी. वाड्याच्या मुख्य दरवाजाला आतून लागून असलेली बसण्याउठण्याची जागा म्हणजे ढाळज, आणि त्याच दरवाजातील पहारेकऱ्याची जागा म्हणजे देवडी. आज या पाचही गोष्टींना सरसकट ‘पोर्च’ म्हणतात आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच होते.

४/
जिल्ह्यातील सर्वांत परिचित दार सिंदखेडराजाचे. लखुजी जाधवरावांच्या राजवाड्याचे भव्य प्रवेशद्वार गावात आजही उभे आहे. १२ जानेवारी १५९८ हा जिजाऊंचा जन्मदिवस मानला जातो. दरवर्षी त्या दिवशी राज्यभरातून लोक येथे येतात आणि या दारातून आत जातात. अनेकांच्या मनात ‘ऐतिहासिक दार’ म्हणून जे चित्र ठसते, ते हेच. त्यामुळे नक्कलही याच जातीच्या दारांची होते.

५/
पण हे दार कशासाठी बांधले गेले? सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील दख्खन म्हणजे निजामशाही, आदिलशाही आणि मोगल यांच्या ओढाताणीचा प्रदेश. खुद्द लखुजीराव १६२९ साली दौलताबादेस निजामशाही दरबारात पुत्रांसह मारले गेले. अशा काळातील सरदाराच्या वाड्याचे दार हे आधी संरक्षणाचे साधन असते. ते येणाऱ्याला थांबवते, पारखते आणि मगच आत सोडते. त्याची उंची, जाड भिंती आणि देवड्या या सर्वांचे काम तेच.

६/
ओसरीचे काम याच्या नेमके उलट. ओसरी येणाऱ्याला विचारपूस होण्याआधीच सावली देते. दूध घालणारा, टपालवाला, वाटसरू, शेजारी यांपैकी कोणालाही घरात न शिरता तिथे टेकता येते. ओसरी दिली की माणूस हातपाय पसरतो, अशा अर्थाची म्हण मराठीत आहे. तिच्यातली कुरकुर बाजूला ठेवली तरी आधी ओसरी देण्याची रीत होती, हे ती म्हण सांगून जाते. साध्या घरापुढे गढीचे दार लावणारा माणूस नकळत त्या दारातील संशयाचीही नक्कल करतो.

७/
मूळ वास्तूला पुढचा भाग शोभेल असा कसा जोडावा, याचे जुने धडे जिल्ह्यातच आहेत. लोणारचे दैत्यसूदन मंदिर यादवकालीन आणि तारकाकृती विधानाचे. या परंपरेतील मंदिरांच्या मुखमंडपाकडे पाहावे. मुख्य मंडपाच्या जोत्यावरचे आडवे थर मुखमंडपाच्या जोत्यावरही अखंड धावतात. खांबांची रांग आतल्या खांबांशी नाते राखते. मुखमंडप उंचीने मागच्या शिखराशी स्पर्धा करत नाही. पाहणाऱ्याची नजर पुढच्या भागावर न अडता मागे आणि वर जाते.

८/
दुसरा धडा मेहकरचा. तेथील जुन्या दगडी धर्मशाळेत मध्ये मोकळा चौक आणि त्याच्या सभोवार खांबांच्या रांगांवर पेललेली सावली आहे. पाठीला भिंतीचा आडोसा, समोर चौकाचा उजेड. प्रवाशाला याहून अधिक काय हवे असते? सजावटीच्या आधी बसणाऱ्याच्या पाठीचा आणि डोळ्यांचा विचार केलेली ही रचना आहे. घरापुढच्या ओसरीची कसोटीही तीच असायला हवी.

९/
आता घरांकडे. बुलढाणा जिल्ह्याची बोलीतली वाटणी सर्वांना ठाऊक आहे: घाटावर आणि घाटाखाली. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हा घाटावरचा पठारी मुलूख. तेथे काळा पाषाण हाताशी आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही घाटाखालची पूर्णेच्या खोऱ्यातील गावे. तेथे खोल काळी माती आणि तीव्र उन्हाळा. एकाच जिल्ह्यात जोत्याचे सामान, पायाची खोली आणि सावलीची गरज बदलते. म्हणून ‘बुलढाण्याची ओसरी’ असा एकच नमुना काढून सगळीकडे लावता येणार नाही.

१०/
धाब्याचे घर म्हणजे काय, हे तरुण वाचकांपैकी अनेकांनी पाहिलेले नसेल. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यांवर लहान लाकडांची दाट पसरण, मग पाला आणि त्यावर चोपून बसवलेला पांढऱ्या मातीचा जाड थर. वरून गच्ची सपाट दिसते, पण तिला अगदी हलका उतार दिलेला असतो आणि पावसाचे पाणी पन्हाळींतून बाहेर पडते. या छपराचे वजन मोठे. ते पेलतो लाकडी सांगाडा. मातीच्या जाड भिंती मुख्यतः आडोसा आणि गारवा देतात.

११/
या घराचे माप फुटांत नसे; ते खणांत असे. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. खणाची लांबी ठरे ती मिळालेल्या लाकडाच्या ताकदीवरून. म्हणजे घराच्या दर्शनी भागातील ताल हा सुताराच्या हिशेबाचा आणि जवळच्या जंगलाचा दस्तऐवज आहे. पाच खणांच्या घरापुढे दोन अवजड खांबांची एकच रुंद कमान उभी केली, की हा दस्तऐवज वाचता येत नाही.

१२/
यावर कोणी म्हणेल, घरे काय कधी बदललीच नाहीत? बदलली, आणि खूप बदलली. मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ साली पूर्ण झाला. मलकापूर, नांदुरा, शेगाव त्यावर आली. १८७० साली खामगावला फाटा मिळाला आणि तेथील कापसाच्या बाजाराला बळ आले. मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. रेल्वेने पत्रा, लोखंड आणि दुरून येणारे सामान आवाक्यात आणले. जुन्या घरांपुढे पत्र्याची वा कौलारू पडवी जोडणे ही त्या काळाची स्वाभाविक रीत होती.

१३/
म्हणून नवे सामान वापरणे हा दोष नव्हे. पत्र्याची ती जुनी पडवी बहुतेक ठिकाणी खणाशी खण जुळवून, बारीक खांबांवर, मूळ छपराच्या खाली बसलेली दिसते. तिने आपण नंतर आलो आहोत हे लपवले नाही आणि घरालाही झाकले नाही. आजच्या पाहुणीकडून एवढीच अपेक्षा आहे.

१४/
‘पोर्च’चे मूळ निराळे. जिल्ह्याचे ठाणे झालेल्या बुलढाण्यासारख्या गावांत इंग्रज अधिकाऱ्यांचे बंगले आले. इंग्रजीतील ‘बंगलो’ हा शब्दच बंगाली धाटणीच्या घरावरून गेलेला. ‘व्हरांडा’ही इंग्रजीत गेला तो भारतातून. बंगल्यापुढचा उंच पोर्च असे बग्गी थांबवण्यासाठी. साहेबाने उतरावे आणि डोक्यावर थेंब न पडता आत जावे. आज बग्गीच्या जागी मोटार आली. वाहनाला निवारा हवाच. पण तो घराच्या अंगाला, बाजूला द्यावा. दारापुढे वाहन उभे राहिले की माणसाने कुठे बसायचे?

१५/
जुन्या वास्तूला नवी जोड देण्याबाबत जगाने काय विचार केला आहे? १९६४ च्या व्हेनिस सनदेने दोन बाजू सांभाळल्या. एकीकडे, गेलेल्या भागाच्या जागी घातलेला नवा भाग एकूण वास्तूशी सुसंगत असावा, पण जुन्यापासून वेगळा ओळखू यावा. दुसरीकडे, कोणतीही वाढ मूळ वास्तूच्या लक्षणीय भागांना, तिच्या तोलाला आणि परिसराशी असलेल्या नात्याला बाधा आणणारी नसावी. ही सनद स्मारकांसाठी होती. भारतात इन्टॅक या संस्थेने २००४ साली असंरक्षित वारशासाठी स्वतंत्र सनद केली आणि पारंपरिक कारागिरांच्या जिवंत ज्ञानाला तीत मानाचे स्थान दिले. धाब्याचे घर हे नेमके अशा असंरक्षित वारशात मोडते.

१६/
तत्त्वे पुरे, आता कामाचे बोलू. पहिली गोष्ट जोते. ओसरीचे जोते घराच्या जोत्याहून एखादी पायरी खाली असावे, म्हणजे पावसाचे पाणी उंबरठ्याकडे येत नाही आणि घराची उंची दिसत राहते. कडेवर बसून पाय सोडता येतील अशी, साधारण दीड फुटाची उंची ओट्याला सोयीची. घाटावर काळा पाषाण मिळत असेल तर घडीव दगडाची कड लावावी. चकचकीत टाइल पावसाळ्यात घसरडी होते. शहाबादी फरशी साधी आणि टिकाऊ.

१७/
दुसरी गोष्ट पाया. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जुने घर अनेक पावसाळे सोसून स्थिरावलेले असते. नवे बांधकाम नुकते बसू लागलेले असते. नवा काँक्रीटचा स्लॅब जुन्या मातीच्या भिंतीत खोचला, तर दोघांच्या हालचालीतील फरकाने सांध्यावर तडा जातो आणि त्यातून पाणी शिरते. ओसरी स्वतःच्या खांबांवर, स्वतःच्या पायावर उभी असावी. भिंतीजवळचीही रांग खांबांचीच ठेवावी. जुन्या भिंतीवर नवे ओझे नको.

१८/
तिसरी गोष्ट छप्पर. ते हलके असावे आणि मूळ पन्हाळींच्या खाली यावे. येथे एक चूक वारंवार होते: धाब्याच्या पन्हाळी रस्त्याच्या बाजूने असतील तर त्यांचे पाणी धारेने नव्या छपरावर कोसळते. काम सुरू होण्यापूर्वी पन्हाळी लांब करणे किंवा पाणी बाजूला वळवणे भाग आहे. वळचणीचे पाणी आढ्याला चढत नाही, हे मराठी माणसाला म्हणीतून ठाऊक असते. पण उतार चुकला तर तेच पाणी भिंतीत उतरते.

१९/
चौथी गोष्ट ऊन. बुलढाणा सुमारे साडेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे सुमारे ४६ अंशांवर असतो. मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तो थेट डोक्यावर येतो. दक्षिणाभिमुख घरापुढे वळचण सात फुटांवर ठेवली, तर हिवाळ्यातील दुपारचे ऊन तिच्या कडेपासून जवळपास पावणेसात फूट आत येते. सहा-साडेसहा फूट खोल ओसरीत ते भिंतीच्या पायापर्यंत पोहोचते आणि मे महिन्यात तीच ओसरी माध्यान्ही पूर्ण सावलीत असते.

२०/
पश्चिमाभिमुख घराचा हिशेब वेगळा. तेथे उतरत्या दुपारी ऊन तिरके येते आणि ओसरी कितीही खोल केली तरी आत घुसते. खोली वाढवण्याऐवजी वाळ्याचा वा बांबूचा पडदा सोडता येईल अशी सोय करावी, अंगणात एखादा कडुनिंब लावावा. आणि एक सावधगिरी कोणत्याही दिशेच्या घराला लागू आहे. धाब्याच्या घरात उजेड मुख्यतः दारातून आणि लहान झरोक्यातून येतो. ओसरी फार खोल व बुटकी केली तर आतील खोली दिवसाही अंधारी होते.

२१/
पाचवी गोष्ट खण. नव्या खांबांची रांग घराच्या खणांशी जुळवावी, दार ज्या खणात असेल त्याच खणासमोर पायऱ्या याव्यात. सागवान आज महाग आहे. ते परवडत नसेल तर बारीक लोखंडी खांब प्रामाणिकपणे लोखंडाचेच दिसू द्यावेत. त्यांच्यावर लाकडाचा रंग आणि सिमेंटची नक्षी चढवण्याची गरज नाही. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये. आतली ओल कोंडते आणि काही वर्षांत पापुद्रे सुटतात. माती किंवा चुन्याचा गिलावा भिंतीला श्वास घेऊ देतो.

२२/
येथवर ओसरीचे गुणगान झाले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र दुसरी बाजूही पाहावी. ओसरी सर्वांसाठी सारखी कधीच नव्हती. कोणी ओसरीवर बसायचे, कोणी ओट्याच्या कडेला आणि कोणी अंगणात उभे राहूनच बोलायचे, हे जातीने ठरत असे. पुरुषांची बैठक भरली की घरातील स्त्रियांचा वावर आत ढकलला जाई. ‘पायरी ओळखून वागणे’ हा वाक्प्रचार अशाच समाजातून आलेला आहे. जुन्या ओसरीची आठवण काढताना त्या पायरीखाली उभे राहिलेल्यांची आठवण गाळली, तर ती अर्धवट आठवण ठरते.

२३/
नव्या ओसरीला हा दोष दूर करण्याची संधी आहे. रूप जुन्या घराचे घ्यावे, उतरंड घेऊ नये. बसण्याची जागा एकाच पातळीवर ठेवावी. वृद्धांसाठी आणि चाकाच्या खुर्चीसाठी एका अंगाने सौम्य उतार द्यावा. संध्याकाळी घरातील स्त्रियाही निवांत बसतील इतकी जागा आणि उजेड असावा. इतिहास जपण्यात त्यातले काय सोडायचे याचा निर्णयही येतो.

२४/
या साऱ्यावर एक आक्षेप वजनदार आहे. कमान आणि बुरूज पिढ्यान्‌पिढ्या सत्ताधाऱ्यांच्याच दाराला शोभले. ज्यांना त्या दारात उभे राहण्याचीही मुभा नव्हती, त्यांच्या नातवंडांनी आज स्वतःच्या कष्टाच्या पैशातून तशी कमान उभारली, तर त्यांना अभिरुचीचे धडे देणारे कोण? हा प्रश्न टाळता येत नाही. ती कमान म्हणजे प्रतिष्ठेची मागणी आहे आणि ती मागणी न्याय्य आहे.

२५/
तरीही विचार करावा, की ती कमान काय झाकते. सरदारांच्या नावे सनदा आहेत, बखरी आहेत, छत्र्या आहेत. तुळई तासणारा सुतार, दगड घडवणारा बेलदार, भिंत लिंपणाऱ्या घरच्या बाया यांच्या नावे काहीही नाही. त्यांच्या हाताचा पुरावा त्या भिंतीत आणि त्या खणांतच आहे. साध्या घरावर वाड्याचा मुखवटा चढवला की प्रतिष्ठा पुन्हा वाड्यालाच मिळते. कष्टकरी पूर्वजांचा सन्मान करायचा असेल, तर त्यांचे काम दिसू देणारी ओसरी अधिक सन्मानाची.

२६/
लोणार, सिंदखेडराजा, मेहकर येथील रहिवाशांसाठी कायद्याची बाब. केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते, हे २०१० च्या दुरुस्तीने पक्के झाले. प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम करता येत नाही. दुरुस्तीसाठीही परवानगी लागते. यामागे कारण आहे. २०२४ साली सिंदखेडराजात लखुजीरावांच्या छत्रीच्या संवर्धनाचे काम सुरू असताना जमिनीखालून शेषशायी विष्णूचे शिल्प बाहेर आले. अशा गावांत ओसरीच्या पायासाठीचा खड्डाही जपून खणावा लागतो.

२७/
आणि कायदा नसला तरी रस्ता सर्वांचा असतो. गावठाणातील गल्ल्या आधीच अरुंद. प्रत्येकाने पायऱ्या दोन हात पुढे काढल्या तर रुग्णवाहिका आत येत नाही. आपल्या हद्दीत पुरेशी जागा नसेल तर ओसरीचा हट्ट सोडावा आणि साधा, देखणा ओटा करावा. उघडा ओटाही शेजाऱ्याला बसायला जागा देतो.

२८/
शेवटी, इतिहासाची आवड असणाऱ्या तरुणांसाठी एक काम. गावात एखादे जुने घर दुरुस्तीला निघाल्याचे कळले, तर घरमालकांची परवानगी घेऊन काम सुरू होण्याआधी तेथे जावे. जोत्याची उंची, खणांची संख्या आणि अंतर, दाराची जागा, पन्हाळींची दिशा मोजून कागदावर उतरवावी. चारी बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे, ओसरीवर कोण बसत असे आणि कोण बसत नसे. फितीने घेतलेली ही मापे गवंडीदादांच्या हाती द्यावीत. नव्या ओसरीचा आराखडा त्यांतूनच निघतो.

धागा समाप्त.